नव्या लिनक्स सर्व्हरवर पायथन बसत नसेल तर काय तपासावे

ऐरोली, रबाळे आणि महापे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत आणि मुंबई विभागातला सर्व्हर महिन्याच्या भाड्याने घेणे आता ठाणे-नवी मुंबईतल्या अगदी लहान कार्यालयालाही परवडते. मात्र वागळे इस्टेटमधल्या चार-पाच माणसांच्या कार्यालयात सर्व्हर सांभाळणारा वेगळा माणूस बहुधा नसतो; जो प्रोग्राम लिहितो त्यालाच सर्व्हरही उभा करावा लागतो. पुढील मार्गदर्शन अशा व्यक्तीसाठी आहे. उदाहरण पायथनचे आणि उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या वितरणांचे (तयार संचांचे) घेतले आहे, कारण आपल्याकडे लहान कामांसाठी हीच जोडी सर्वाधिक दिसते. कमांड येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप कराव्यात.

‘पायथन इन्स्टॉल होत नाही’ अशी तक्रार येते तेव्हा दोष पायथनमध्ये क्वचितच असतो. तो बहुतेक वेळा त्याच्या खालच्या थरात असतो: घड्याळ चुकलेले असते, नेटवर्कला नाव सापडत नसते, पॅकेजची यादी जुनी असते, मेमरी अपुरी पडते किंवा आपण समजतो त्यापेक्षा वेगळ्याच पायथनकडे कमांड जात असते. त्यामुळे तपासणी खालून वर करावी, आणि पडद्यावर एररच्या पन्नास ओळी आल्या तर शेवटच्या ओळीवर न थांबता वर सरकून पहिली एरर शोधावी. शेवटची ओळ बहुधा ‘काम अयशस्वी झाले’ एवढेच सांगते. ते का झाले हे पहिल्या ओळीत असते.

आधी सर्व्हर ओळखून घ्यावा

‘ईटीसी’ फोल्डरमधील ‘ओएस-रिलीज’ ही फाइल ‘कॅट’ने उघडली की वितरण आणि त्याची आवृत्ती कळते. ही माहिती औपचारिकता म्हणून घ्यायची नाही, कारण सोबत कोणते पायथन मिळणार हे तीवरच ठरते. उबुंटू २०.०४ मध्ये ३.८, २२.०४ मध्ये ३.१० आणि २४.०४ मध्ये ३.१२ येते, डेबियन १२ मध्ये ३.११ आणि डेबियन १३ मध्ये ३.१३ येते. आपल्या प्रोग्रामला ३.१० चालत असेल आणि सर्व्हर उबुंटू २२.०४ चा असेल, तर काहीही नवे बसवण्याची गरजच नाही, आणि माझ्या मते यासारखे दुसरे सुख नाही.

त्यानंतर ‘युनेम डॅश एम’ चालवावे. उत्तर ‘एक्स८६_६४’ आले तर प्रोसेसर इंटेल किंवा एएमडी पद्धतीचा आहे. ‘एआर्च६४’ आले तर तो आर्म आहे. स्वस्त म्हणून आर्म सर्व्हर घेतला जातो आणि डाउनलोड मात्र इंटेलसाठीची फाइल केली जाते. मग ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ असा संदेश येतो. त्यावर परवानग्या बदलून किंवा फाइल पुन्हा उतरवून काहीही साधत नाही, योग्य प्रोसेसरची फाइलच घ्यावी लागते.

डिस्कसाठी ‘डीएफ डॅश एच’ आणि मेमरीसाठी ‘फ्री डॅश एच’ पाहून ठेवावे. डिस्कवर जागा शिल्लक दिसत असूनही ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ अशी एरर आली, तर ‘डीएफ डॅश आय’ने आयनोड (फायलींच्या नोंदींसाठीच्या जागा) संपले आहेत का ते पाहावे. तेही शिल्लक असतील, तर ‘टेम्प’ फोल्डर वेगळ्या लहान विभागावर आहे का हे तपासावे. तसे असल्यास ‘टेम्पडिर’ हा व्हेरिएबल मोठ्या डिस्कवरील एखाद्या फोल्डरकडे वळवला की काम होते.

क्लाउडवरील सर्व्हर सुरू होताच आपण आत शिरतो, पण त्याची स्वतःची पहिली मांडणी तेव्हा चालूच असते. ‘क्लाउड-इनिट स्टेटस डॅश डॅश वेट’ ही कमांड ती मांडणी संपेपर्यंत थांबून राहते. ती न चालवता घाईने पॅकेज मागितले तर रेपॉझिटरीची (पॅकेज जिथून उतरतात त्या भांडारांची) यादी अर्धवट असू शकते, आणि अस्तित्वात असलेले पॅकेजही ‘सापडत नाही’ असे उत्तर मिळते.

घड्याळ, नाव आणि रस्ता

सर्व्हरचे घड्याळ मागे असेल तर पॅकेजच्या यादीवरची सही ‘अजून वैध झालेली नाही’ असा संदेश येतो आणि एचटीटीपीएसची प्रमाणपत्रेही नाकारली जातात. ‘टाइमडेटसीटीएल’ चालवून वेळ जुळलेली आहे का ते पाहावे. येथे वेळ चुकणे आणि टाइमझोन वेगळा असणे यांत गल्लत करू नये. नवा सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो, म्हणजे त्याचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे दिसते. त्यामुळे पायथन बसण्यात अडथळा येत नाही, पण क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या साधनात) रात्री दोनला लावलेले काम सकाळी साडेसातला सुरू होते हे लक्षात असावे. हवे असल्यास ‘आशिया/कोलकाता’ हा विभाग लावावा; मला विचाराल तर सर्व्हर यूटीसीवरच ठेवून वेळेचे रूपांतर प्रोग्राममध्ये करणे अधिक सुरक्षित.

‘टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग’ असा संदेश आला तर सर्व्हरला नावावरून पत्ता सापडत नाही, म्हणजे डीएनएसची अडचण आहे. ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ने कोणता डीएनएस वापरला जात आहे ते दिसते. नाव सापडते पण जोडणी लटकून राहते अशी स्थिती असेल, तर आयपीव्ही६ चा (नव्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांचा) रस्ता अर्धवट असण्याची शक्यता मोठी. त्याची परीक्षा सोपी आहे: ‘एपीटी’ला (पॅकेज उतरवून बसवणाऱ्या साधनाला) ‘अक्वायर’ गटातील ‘फोर्सआयपीव्ही४’ हा पर्याय ‘ट्रू’ करून द्यावा, त्याने काम झाले तर दोष कुठे आहे हे निश्चित झाले.

सर्व्हर क्लाउडवर नसून कार्यालयातच, कंपनीच्या नेटवर्कमध्ये असेल तर प्रॉक्सीचा, म्हणजे इंटरनेटकडे नेणाऱ्या मध्यस्थ सर्व्हरचा, प्रश्न येतो. आपण शेलमध्ये प्रॉक्सीचा व्हेरिएबल लावतो आणि ‘कर्ल’ व्यवस्थित चालते, पण ‘सुडो एपीटी अपडेट’ मात्र अडकते, कारण सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारे साधन) आपल्या शेलमधील बहुतेक व्हेरिएबल गाळून टाकते. एपीटीसाठी प्रॉक्सी त्याच्या स्वतःच्या ‘एपीटी.कॉन्फ.डी’ फोल्डरमधील फाइलीत लिहावी. कंपनीची प्रॉक्सी एचटीटीपीएस उघडून तपासत असेल तर तिचे मूळ प्रमाणपत्रही सर्व्हरला द्यावे लागते. ते ‘यूएसआर/लोकल/शेअर/सीए-सर्टिफिकेट्स’ फोल्डरमध्ये ठेवून ‘अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स’ चालवावे, आणि फाइलीचे एक्स्टेन्शन ‘सीआरटी’च असावे, नाहीतर ती फाइल काहीही न बोलता वगळली जाते. प्रमाणपत्राची तपासणीच बंद करण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. तो मानू नये.

एपीटी काय म्हणते आहे

नव्या सर्व्हरवर पहिल्याच मिनिटांत हमखास दिसणारा संदेश म्हणजे ‘डीपीकेजी’चे (एपीटीच्या खाली पॅकेजची नोंदवही सांभाळणाऱ्या साधनाचे) कुलूप दुसऱ्या प्रक्रियेकडे असल्याचा. उबुंटू सर्व्हर सुरू होताच पार्श्वभूमीवर सुरक्षा अद्यतने बसवू लागतो. ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ हे त्या प्रक्रियेचे नाव संदेशात दिसतेही. येथे चहा घेऊन यावा. कुलपाची फाइल ‘आरएम’ने उडवून देण्याचा उपाय सर्वत्र लिहिलेला आढळतो, पण त्यामुळे दोन प्रक्रिया एकाच वेळी पॅकेजच्या नोंदवहीत लिहू लागतात आणि बिघडलेली ती नोंदवही दुरुस्त करणे पायथन बसवण्यापेक्षा फार अवघड असते. मध्येच जोडणी तुटून काम अर्धवट राहिलेच असेल, तर ‘सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए’ आणि त्यानंतर ‘सुडो एपीटी डॅश डॅश फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ या क्रमाने ते पूर्ण करावे.

‘अनेबल टू लोकेट पॅकेज’ हा दुसरा नेहमीचा संदेश. सर्वप्रथम ‘सुडो एपीटी अपडेट’ केले आहे का ते पाहावे. लहान आकाराच्या इमेजमध्ये (सर्व्हरच्या तयार साच्यात) पॅकेजच्या याद्या मुद्दाम काढून टाकलेल्या असतात. त्यानंतरही पॅकेज मिळत नसेल तर उबुंटूवर ‘युनिव्हर्स’ हा विभाग चालू आहे का ते तपासावे, कारण ‘पायथन३-पिप’ (पायथनची पॅकेज बसवणारे पिप हे साधन) त्याच विभागात आहे.

याद्या उतरवतानाच ४०४ (‘फाइल सापडली नाही’) येऊ लागले तर मात्र प्रश्न वेगळा आहे. उबुंटूच्या मधल्या, म्हणजे दीर्घकालीन नसलेल्या, आवृत्त्यांना फक्त नऊ महिने आधार मिळतो. तो संपला की पॅकेज जुन्या आवृत्त्यांच्या वेगळ्या सर्व्हरवर हलवली जातात. सेंटओएस ७ या दुसऱ्या वितरणाचा आधारही ३० जून २०२४ रोजी संपला. अशा इमेजवर डागडुजी करत बसण्यापेक्षा सर्व्हर पुसून नवीन दीर्घकालीन आवृत्ती घ्यावी. सर्व्हर कोरा असल्यामुळे गमावण्यासारखे काहीच नसते.

यंत्रणेचे पायथन आणि आपले पायथन

‘पायथन’ टाइप केल्यावर ‘कमांड नॉट फाउंड’ येते, म्हणजे पायथन नाही असे नव्हे. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि आता कमांडचे नाव ‘पायथन३’ आहे. जुन्या स्क्रिप्टसाठी नुसते ‘पायथन’ हवेच असेल तर ‘पायथन-इज-पायथन३’ हे पॅकेज बसवावे.

खरी काळजी पुढे घ्यायची आहे. ‘यूएसआर/बिन’मधील पायथन३ हे आपल्या सोयीसाठी ठेवलेले नसते, उबुंटूची स्वतःची अनेक साधने त्यावर चालतात. सोसायटीच्या गच्चीवरच्या सामाईक टाकीचा पाइप आपल्या घरातल्या नळाच्या मापाने बदलला तर अख्ख्या विंगचे पाणी जाते, तसा हा प्रकार आहे. ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ वापरून किंवा हाताने दुवा बदलून पायथन३ ला नव्या आवृत्तीकडे वळवले की काही वेळाने ‘नो मॉड्यूल नेम्ड एपीटी_पीकेजी’ अशी एरर दिसू लागते आणि ‘अ‍ॅड-एपीटी-रेपॉझिटरी’सारखी कमांड चालेनाशी होते. हे आधीच कोणी करून ठेवले असेल तर दुवा मूळ आवृत्तीकडे परत न्यावा. पॅकेज पुन्हा पुन्हा बसवून उपयोग नाही.

डेबियन १२ पासून आणि उबुंटू २३.०४ पासून पिपनेही या बाबतीत हात आखडता घेतला आहे. यंत्रणेच्या पायथनमध्ये थेट काही बसवू गेल्यास ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ अशी एरर येते. तिच्याच खाली ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ नावाचा पर्याय सुचवलेला असतो. त्याचे नावच पुरेसा इशारा देणारे आहे. योग्य मार्ग म्हणजे प्रकल्पासाठी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (यंत्रणेपासून वेगळी पॅकेज ठेवणारे फोल्डर) करणे:

पायथन३ डॅश एम व्हीएन्व्ह, आणि पुढे फोल्डरचे नाव

येथे ‘एन्शुअरपिप उपलब्ध नाही’ असा संदेश आला तर घाबरू नये. डेबियन आणि उबुंटू हा भाग वेगळ्या पॅकेजमध्ये देतात. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-व्हीएन्व्ह’ केल्यावर अर्धवट तयार झालेले फोल्डर काढून टाकावे आणि कमांड पुन्हा द्यावी. हे एन्व्हायर्नमेंट लॅपटॉपवर तयार करून सर्व्हरवर कॉपी करता येत नाही, कारण त्याच्या आत पूर्ण पत्ते लिहिलेले असतात. न्यायची ती फक्त पॅकेजची यादी.

स्वतः कंपाइल करण्याची वेळ आली तर

वितरणातील आवृत्ती जुनी पडते आणि नवी हवीच असते, तेव्हा उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्यांवर ‘डेडस्नेक्स’ हे पीपीए (बाहेरचे पॅकेज-भांडार) किंवा ‘यूव्ही’ हे साधन पुरेसे ठरते. ‘यूव्ही’ तयार बांधलेले पायथन उतरवते, त्यामुळे कंपाइलरची गरजच पडत नाही. मूळ स्रोतावरून कंपाइल करणे हा मी शेवटचा पर्याय मानतो, पण काही ठिकाणी तो टाळता येत नाही, आणि सर्वांत फसवे दोष येथेच असतात.

फसवे अशासाठी की पायथनचे कंपाइल काही लायब्ररी नसतानाही यशस्वी होते. ‘कॉन्फिगर’ (पूर्वतयारी) पार पडते, ‘मेक’ (बांधणी) पार पडते, पायथन सुरू होते, दोन अधिक दोन चार असेही सांगते. मग पिपने पहिले पॅकेज मागितले की ‘एसएसएल (सुरक्षित जोडणीचे) मॉड्यूल उपलब्ध नाही’ असे उत्तर येते आणि सगळे लोक नेटवर्क तपासू लागतात. प्रत्यक्षात ‘मेक’च्या शेवटी, शेकडो ओळींनंतर, काही ऐच्छिक मॉड्यूल बांधण्यासाठी आवश्यक गोष्टी मिळाल्या नाहीत असे नमूद करून त्यांची यादी छापलेली असते. ती यादी वाचणे हा या सगळ्या कामातला सर्वांत उपयोगी अर्धा मिनिट आहे. म्हणून सुरुवातीलाच ‘बिल्ड-इसेन्शियल’ आणि त्याबरोबर ‘लिबएसएसएल-डेव्ह’, ‘झेडलिब१जी-डेव्ह’, ‘लिबएफएफआय-डेव्ह’, ‘लिबएसक्यूलाइट३-डेव्ह’, ‘लिबबीझेड२-डेव्ह’, ‘लिबएलझेडएमए-डेव्ह’ आणि ‘लिबरीडलाइन-डेव्ह’ ही पॅकेज बसवून घ्यावीत. एखादे राहून गेले आणि नंतर बसवले, तर नुसते ‘मेक’ पुन्हा चालवून भागत नाही. ‘मेक डिस्टक्लीन’ करून ‘कॉन्फिगर’पासून सुरुवात करावी.

लायब्ररी असूनही एसएसएल मिळत नसेल तर तिची आवृत्ती पाहावी. पायथन ३.१० पासून ओपनएसएसएल १.१.१ किंवा त्यापुढील आवृत्ती लागते. सेंटओएस ७ वर १.०.२ असल्यामुळे तेथे ही एरर अटळ असते.

दुसरा अडथळा मेमरीचा. ५१२ एमबी किंवा १ जीबीच्या सर्व्हरवर कंपाइलर मध्येच बंद पडतो आणि पडद्यावर फक्त ‘किल्ड’ हा एक शब्द राहतो. ‘सुडो डीमेसेज’च्या शेवटी ‘आउट ऑफ मेमरी’ असे दिसले तर लिनक्सने मेमरी वाचवण्यासाठी ती प्रक्रिया संपवली हे नक्की. उपाय म्हणजे तात्पुरती दोन जीबीची स्वॅप फाइल (मेमरी कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा): ‘एफअ‍ॅलोकेट’ने फाइल तयार करावी, तिला ६०० ची परवानगी द्यावी, मग ‘एमकेस्वॅप’ आणि ‘स्वॅपऑन’ चालवावे. त्याबरोबरच ‘मेक’ला एका वेळी एकच काम करू द्यावे आणि ‘इनेबल ऑप्टिमायझेशन्स’ हा पर्याय काढून टाकावा. त्या पर्यायाने पायथन थोडे वेगवान होते, पण बांधताना चाचण्याही चालत असल्यामुळे लहान सर्व्हरवर वेळ फार लागतो. इतका वेळ चालणारे काम नेहमी ‘टीमक्स’च्या आत सुरू करावे, म्हणजे जोडणी तुटली तरी ते चालू राहते. ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसून हे करणाऱ्याला त्याचे कारण सांगायला नको.

शेवटी बसवताना ‘मेक इन्स्टॉल’ ऐवजी ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’ वापरावे. त्यामुळे ‘पायथन३.१३’ अशी आवृत्तीसह कमांड तयार होते आणि ‘पायथन३’ हे नाव यंत्रणेकडेच राहते. ‘इनेबल शेअर्ड’ वापरून बांधले असेल आणि सुरू करताना ‘लिबपायथन’ची फाइल उघडता येत नाही असे आले, तर ‘सुडो एलडीकॉन्फिग’ एकदा चालवून पाहावे.

पिपची पॅकेज अडतात तेव्हा

‘पायथन.एच सापडत नाही’ या ओळीवर उपाय ‘पायथन३-डेव्ह’. पोस्टग्रेसच्या पॅकेजने ‘पीजी_कॉन्फिग’ मागितले तर ‘लिबपीक्यू-डेव्ह’. ‘ग्लिबसी’ची (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची) अमुक आवृत्ती मिळाली नाही असे आले तर ती फाइल आपल्यापेक्षा नव्या वितरणावर बांधली गेली आहे, सर्व्हरची ग्लिबसी हाताने बदलण्याचा विचारही करू नये, कारण जवळजवळ प्रत्येक कमांड तिच्यावर चालते. पायथनची अगदी ताजी आवृत्ती घेतली असेल तर अनेक पॅकेजच्या तयार ‘व्हील’ फायली अजून आलेल्या नसतात आणि पिप त्या सर्व्हरवरच कंपाइल करू लागते. अशा वेळी कंपाइलर बसवण्यापेक्षा एक आवृत्ती मागे येणे शहाणपणाचे.

कोणते पायथन चालते आहे

सगळे बसले आहे आणि तरी जुनीच आवृत्ती दिसते, अशा वेळी ‘टाइप डॅश ए पायथन३’ चालवावे. पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) त्या नावाच्या जितक्या फायली आहेत त्या सर्व क्रमाने दिसतात. बॅश एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवते, तो विसरायला लावण्यासाठी ‘हॅश डॅश आर’ द्यावे. आपल्याकडे चालणारी कमांड सुडोबरोबर चालत नसेल तर कारण उघड आहे: सुडो स्वतःचा वेगळा, सुरक्षित पाथ वापरते. क्रॉनचा पाथ तर त्याहूनही तोकडा असतो. म्हणून क्रॉनमध्ये आणि सिस्टिमडीच्या (सेवा सुरू करून चालू ठेवणाऱ्या साधनाच्या) सेवेत एन्व्हायर्नमेंट ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करण्याच्या भानगडीत न पडता त्यातील पायथनचा पूर्ण पत्ता लिहावा, तेवढ्याने पुरते.

एक अडचण खास आपल्या कामातली आहे. आपल्या प्रोग्राममध्ये सोसायटीच्या सभासदांसारखी नावे मराठीत असतात, आणि लॅपटॉपवर ‘एन_आयएन’ किंवा ‘एमआर_आयएन’ लोकेल (भाषा आणि लिपीची मांडणी) असेल तर एसएसएच ते सर्व्हरकडे पाठवते. सर्व्हरवर ते तयार केलेले नसते, म्हणून प्रत्येक पॅकेज बसवताना ‘कॅनॉट सेट लोकेल’ असे इशारे येतात. त्यांमुळे काम थांबत नाही, पण मराठी मजकूर छापताना किंवा फाइलीत लिहिताना ‘युनिकोडएन्कोडएरर’ आली तर लोकेलकडेच पाहावे. उबुंटूवर ‘सुडो लोकेल-जेन एमआर_आयएन’ चालवून ते तयार करता येते, किंवा सर्व्हरवर ‘सी.यूटीएफ-८’ लावावे. पायथन ३.७ पासून नुसते ‘सी’ लोकेल असले तरी पायथन आपणहून यूटीएफ-८ धरून चालते, त्यामुळे ही एरर आता पूर्वीपेक्षा कमी दिसते. फाइल उघडताना एन्कोडिंग स्पष्ट लिहिण्याची सवय मात्र ठेवावी.

सर्व झाल्यावर ज्या युजरच्या नावाने सेवा चालणार आहे त्याच युजरने पायथन सुरू करून ‘एसएसएल’, ‘एसक्यूलाइट३’, ‘झेडलिब’, ‘एलझेडएमए’, ‘बीझेड२’ आणि ‘सीटाइप्स’ ही मॉड्यूल इम्पोर्ट करून पाहावीत. रूटने (सर्वाधिकार असलेल्या युजरने) केलेली चाचणी ग्राह्य धरू नये, कारण रूटला न अडणारी परवानगी त्या युजरला अडू शकते. मग सर्व्हर रीबूट करावा, सेवा आपोआप उठते का ते पाहावे, आणि उठली की लगेच स्नॅपशॉट (सर्व्हरची त्या क्षणीची प्रत) घ्यावा. स्नॅपशॉटचे भाडे बहुतेक ठिकाणी वेगळे आकारले जाते, म्हणून नवा घेतला की जुना काढून टाकावा.